केबल दूरचित्रवाणीतील संदेश-प्रवर्धकांचा इतिहास : सोलापूर शहर व जुळे सोलापूर यांच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : केबल दूरचित्रवाणी, प्रवर्धक, समाक्ष केबल, हद्दवाढ, बहुभाषिकता, भारनियमन

प्रस्तावना

भारतातील केबल दूरचित्रवाणीचा इतिहास आजवर प्रामुख्याने वाहिन्यांचा, कायद्यांचा आणि उदारीकरण, खाजगीकरण व जागतिकीकरण या प्रक्रियेचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. १९९१ चे आखाती युद्ध, त्याच वर्षी आशियासॅट-१ या उपग्रहावरून सुरू झालेले स्टार समूहाचे प्रक्षेपण, २ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू झालेली झी टीव्ही ही वाहिनी आणि १९९५ चा केबल कायदा हे त्यातील ठरलेले टप्पे होत. हे टप्पे खरे आहेत, परंतु उपग्रहाकडून आलेला संदेश शहरातील नेमक्या कोणत्या घरापर्यंत पोहोचला आणि कोणत्या घरी तो धूसर होऊन पोहोचला, या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही. ते उत्तर गच्चीच्या कठड्याला किंवा विजेच्या खांबाला टांगलेल्या एका लहानशा ॲल्युमिनियमच्या पेटीत दडलेले आहे. तिला अभियांत्रिकीच्या परिभाषेत प्रवर्धक, केबल व्यवसायात ॲम्प्लिफायर आणि ग्राहकाच्या बोलीत बूस्टर म्हणतात.

प्रस्तुत शोधनिबंधात या प्रवर्धकाच्या जन्माचा व विकासाचा आढावा घेऊन, सोलापूरसारख्या बहुभाषिक गिरणगावात आणि विशेषतः त्याच्या दक्षिणेस वाढलेल्या जुळे सोलापूर या वसाहतीच्या संदर्भात त्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे. प्रवर्धकांच्या साखळीची लांबी ही केवळ तांत्रिक बाब नसून शहराच्या वाढीचा आणि त्यातील विषमतेचा तो एक पुरावा आहे, हे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

प्रवर्धकाची गरज

समाक्ष केबलमधून जाणारा विद्युत-संदेश अंतराबरोबर क्षीण होत जातो. हे क्षीणन डेसिबल या एककात मोजतात. १० डेसिबल क्षीणन म्हणजे संदेशाची शक्ती एक दशांश होणे, तर २० डेसिबल म्हणजे एक शतांश होणे. शहरी मुख्य वाहिनीसाठी सर्रास वापरली जाणारी आरजी-११ जातीची केबल घेतल्यास ५० मेगाहर्ट्झच्या आसपास दर १०० मीटरला सुमारे ३ डेसिबल, २३० मेगाहर्ट्झच्या आसपास सुमारे साडेसहा ते सात डेसिबल आणि ५५० मेगाहर्ट्झला सुमारे १० डेसिबल इतके क्षीणन होते. म्हणजेच वारंवारता जितकी उच्च, तितका संदेश लवकर मरतो. म्हणून ठरावीक अंतरावर संदेशाला पुन्हा बळ द्यावे लागते. हे काम प्रवर्धक करतो.

मात्र हे बळ फुकट मिळत नाही. प्रत्येक प्रवर्धक संदेशाबरोबर त्यात मिसळलेला रव, म्हणजे अनावश्यक विद्युत-गोंगाट, तेवढाच वाढवतो आणि स्वतःचा थोडा रव त्यात घालतो. एकसारखे दहा प्रवर्धक एकापुढे एक जोडले असता संदेश व रव यांचे गुणोत्तर एका प्रवर्धकाच्या तुलनेत १० डेसिबलने घसरते. पडद्यावर आपण ज्यांना 'मुंग्या' म्हणतो त्या याच रवाचे दृश्य रूप होत. उलट मुंग्या घालवण्यासाठी प्रत्येक प्रवर्धकाची पातळी वाढवली, तर तो त्याच्या क्षमतेबाहेर जातो आणि एका वाहिनीची सावली दुसरीवर पडू लागते. ही विकृती साखळीच्या लांबीबरोबर रवाहूनही वेगाने वाढते. रव आणि विकृती यांमधील ही अरुंद पायवाट हाच प्रवर्धकाच्या इतिहासाचा कणा आहे.

उगम : टेलिफोनच्या तारेपासून कोळशाच्या खाणीपर्यंत

साखळीत दोष साचत जाण्याचा प्रश्न दूरचित्रवाणीच्याही आधी लांब पल्ल्याच्या टेलिफोनपुढे उभा राहिला होता. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे अभियंते हॅरॉल्ड ब्लॅक यांना २ ऑगस्ट १९२७ रोजी नदी ओलांडणाऱ्या बोटीतून कामावर जात असताना ऋण प्रतिभरणाची कल्पना सुचली आणि हाताशी असलेल्या वृत्तपत्राच्या पानावर त्यांनी ती टिपून ठेवली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. प्रवर्धकाने निर्माण केलेल्या संदेशाचा काही भाग उलट करून पुन्हा त्याच्या मुखाशी आणल्यास शक्ती थोडी कमी मिळते, पण विकृती मोठ्या प्रमाणात घटते, हे त्या कल्पनेचे सार. पुढील काळातील बहुपदरी साखळ्या या तत्त्वामुळे शक्य झाल्या.

केबल दूरचित्रवाणीचा प्रारंभ मात्र प्रयोगशाळेत नव्हे, तर डोंगराआडच्या लहान गावांत झाला. १९४८ च्या अखेरीस ऑरेगन राज्यातील ॲस्टोरिया येथे एड पार्सन्स यांनी सिॲटलहून येणारा क्षीण संदेश उंच इमारतीवरील अँटेनाने पकडून तारेने शेजाऱ्यांकडे पोहोचवला. १९५० मध्ये पेनसिल्व्हेनियातील लॅन्सफर्ड या कोळसा-खाणीच्या गावी रॉबर्ट टार्ल्टन यांनी पँथर व्हॅली टेलिव्हिजन ही कंपनी स्थापन केली. फिलाडेल्फिया तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर होते, पण मध्ये डोंगर असल्याने गावात चित्र येत नसे. टार्ल्टन यांचा व्यवसाय दूरचित्रवाणी-संच विकण्याचा होता, आणि चित्रच न आल्यास संच कोण विकत घेणार, ही त्यांची अडचण होती. त्यांनी डोंगरमाथ्यावर अँटेना उभारून तीन वाहिन्या गावात आणल्या. त्यासाठी त्यांनी मिल्टन जेरॉल्ड शॅप यांच्या जेरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीचे, मुळात सदनिकांच्या इमारतींसाठी बनवलेले प्रवर्धक वापरले. एका इमारतीसाठी केलेले यंत्र गावभरच्या साखळीत टिकेना, तेव्हा शॅप यांनी त्याकडे लक्ष पुरवले आणि केबलसाठी स्वतंत्र प्रवर्धक घडवण्यास सुरुवात केली. हेच शॅप पुढे १९७१ ते १९७९ या काळात पेनसिल्व्हेनियाचे राज्यपाल होते.

या पहिल्या पिढीतील प्रवर्धक निर्वात-नलिकांचे होते आणि प्रत्येक वाहिनीसाठी वेगळी पट्टी असे. तीन वाहिन्या म्हणजे प्रत्येक ठिकाणी तीन पट्ट्या. नलिका तापत, जुन्या होत, ऋतुमानाप्रमाणे त्यांची पातळी सरकत असे. यावर बॉस्टन परिसरातील स्पेन्सर-केनेडी लॅबोरेटरीज या कंपनीने वितरित प्रवर्धनाचा मार्ग स्वीकारला. हे तत्त्व विल्यम पर्सिव्हल यांनी ब्रिटनमध्ये १९३६ मध्ये पेटंट केले होते आणि १९४८ मध्ये गिंझ्टन, ह्युलेट व सहकाऱ्यांच्या शोधलेखाने ते सर्वत्र परिचित झाले. त्यात अनेक नलिका एका कृत्रिम वाहिनीवर क्रमाने बसवल्या जात. त्यामुळे सर्व वाहिन्या एकाच यंत्रातून जाऊ शकत, आणि एखादी नलिका जळाली तरी शक्ती थोडी घटे, पण संपूर्ण गाव अंधारात जात नसे. १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर आले. त्यांना अल्प दाबाची वीज पुरत असल्याने, संदेश नेणाऱ्या केबलमधूनच प्रवर्धकांना वीज पुरवण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. या शेवटच्या मुद्द्याला सोलापूरच्या संदर्भात विशेष महत्त्व आहे.

भारतातील आगमन

सोलापूरच्या परिसराला दूरचित्रवाणीची ओळख उपग्रहामुळे फार लवकर, पण सीमेपलीकडून झाली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात चाललेल्या साइट या प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून कार्यक्रम दाखवले गेले. त्यात महाराष्ट्र नव्हता. मात्र कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे होते आणि त्यांपैकी पहिले दोन सोलापूर जिल्ह्याला लागून आहेत. पुढे १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धा, १९८३ मध्ये सोडलेला इन्सॅट-१बी आणि १९८४ मधील लघुशक्ती प्रक्षेपकांचा झपाट्याने झालेला विस्तार यांमुळे दूरदर्शन जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचले. प्रक्षेपकाच्या कक्षेच्या कडेवर राहणारी कुटुंबे अँटेनाला बूस्टर जोडत. 'बूस्टर' हा शब्द मराठी घरात शिरला तो या मार्गाने.

त्याच दशकात मुंबईतील उंच इमारतींत व्हिडिओ केबल सुरू झाली. एका खोलीतील व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरवर चित्रपट लावायचा आणि तो जिन्यातील तारेने घरोघर पोहोचवायचा, इतकेच तिचे स्वरूप होते. अंतर थोडे आणि वाहिनी एक असल्याने एखाद-दुसरा प्रवर्धक पुरत असे. १९९१ नंतर गच्चीवर मोठ्या छत्र्या आल्या आणि हे चित्र पालटले. छत्रीच्या केंद्राशी बसवलेल्या पहिल्या प्रवर्धकापासून, म्हणजे एलएनबीपासून, शेवटच्या गल्लीतील प्रवर्धकापर्यंत एक अखंड साखळी निर्माण झाली. अमेरिकेत चाळीस वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्व झालेले तंत्र भारतातील लहान शहरांत चार-पाच वर्षांत उतरले. ते उतरवणारे हात बहुतांशी व्हिडिओ लायब्ररी चालवणाऱ्यांचे आणि संच-दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांचे होते. लॅन्सफर्डचा दुकानदार आणि आपल्याकडील केबलचालक यांच्यातील हे साम्य लक्षणीय आहे.

सोलापूर : चार भाषा आणि अकरा जागा

सोलापूर हे मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू या चार भाषांचे शहर आहे. कापडगिरण्या आणि त्यानंतर यंत्रमाग यांच्या आधारे ते वाढले. पूर्व भागातील पद्मशाली समाजाची घरची भाषा तेलुगू, तर कर्नाटकाच्या सान्निध्यामुळे कन्नड भाषकांची वस्तीही मोठी. या सामाजिक वास्तवाचा प्रवर्धकाशी थेट संबंध आहे, तो पुढीलप्रमाणे.

भारतातील जुन्या दूरचित्रवाणी-संचांत ४७ ते ६८ आणि १७४ ते २३० मेगाहर्ट्झ हे दोनच पट्टे घेण्याची सोय असे. एका वाहिनीला ७ मेगाहर्ट्झ लागतात. म्हणजे पहिल्या पट्ट्यात ३ आणि दुसऱ्यात ८, अशा एकूण ११ जागा. शेजारच्या वाहिन्या एकमेकींत मिसळत असल्याने प्रत्यक्षात याहून कमीच वापरता येत. १९९२ अखेरचा हिशेब केला, तर दूरदर्शन, स्टारच्या चार वाहिन्या, झी आणि केबलचालकाची स्वतःची चित्रपट-वाहिनी एवढ्याने निम्म्याहून अधिक जागा भरतात. त्यानंतर १९९४ मध्ये कन्नड उदय टीव्ही आणि १९९५ मध्ये तेलुगू ई टीव्ही आली. पुढे १९९९ मध्ये अल्फा मराठी व २००० मध्ये ई टीव्ही मराठी यांची भर पडली. एकभाषिक शहरातील केबलचालकाला यांतील काही वाहिन्या वगळता आल्या असत्या. सोलापुरात कोणत्याही एका भाषेची वाहिनी वगळणे म्हणजे शहराचा एक भाग ग्राहक म्हणून गमावणे होते.

उपाय एकच होता. वारंवारतेची कमाल मर्यादा वाढवणे. ५५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या प्रणालीत साठाहून अधिक वाहिन्या बसतात. पण उच्च वारंवारता लवकर क्षीण होते, हे आपण पाहिले. २३० मेगाहर्ट्झपर्यंतच्या प्रणालीत २० डेसिबल क्षमतेचा प्रवर्धक साधारण ३०० मीटरवर लावून चालत असेल, तर ५५० मेगाहर्ट्झला तो दर २०० मीटरवर लावावा लागतो. तीन किलोमीटरच्या मार्गावर जेथे दहा प्रवर्धक पुरत, तेथे पंधरा लागतात. वाहिन्या वाढल्याने प्रत्येक प्रवर्धकावरील भार वाढतो, तो वेगळाच. अशा रीतीने शहराच्या मध्यभागी भाषांची जी सोय झाली, तिची किंमत साखळीच्या टोकाला राहणाऱ्या घराने मुंग्यांच्या रूपाने मोजली. ते घर कोणत्याही भाषेचे असो.

हद्दवाढ आणि साखळीचे टोक

१९९२ मध्ये सोलापूर महानगरपालिकेची हद्दवाढ झाली. आसपासची गावे शहरात आली आणि क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढून सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. विजापूर रस्ता व होटगी रस्ता यांच्या परिसरात जुळे सोलापूर ही मध्यमवर्गीय वसाहत याच काळात आकारास आली. उपग्रह वाहिन्यांचा प्रसार आणि शहराची ही वाढ एकाच वेळी घडली, हा योगायोग अभ्यासकाने नोंदवण्यासारखा आहे. जुन्या पेठांत घराला घर लागून असते, गच्चीवरून गच्चीवर केबल टाकता येते आणि शंभर मीटरमध्ये अनेक ग्राहक मिळतात. नव्या वसाहतीत मोकळे भूखंड, रुंद रस्ते आणि विरळ घरे असतात. तेथे त्याच शंभर मीटरमध्ये मोजके ग्राहक मिळतात, पण केबल आणि प्रवर्धक तेवढेच लागतात. नागरी सुविधांच्या बाबतीत 'हद्दवाढ भाग' या शब्दप्रयोगाला जी छटा आहे, तीच केबलच्या नकाशातही उमटणे अपरिहार्य होते.

सोलापूरचे हवामान हा आणखी एक घटक. समाक्ष केबलचे क्षीणन दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.२ टक्क्यांनी बदलते. उन्हाळ्यात उघड्यावरील केबलच्या दुपारच्या व पहाटेच्या तापमानात २० अंशांचा फरक धरल्यास २० डेसिबलच्या एका टप्प्यात ०.८ डेसिबल आणि दहा टप्प्यांत ८ डेसिबल फरक पडतो. टोकाच्या घरी पोहोचणारी शक्ती दुपारी व पहाटे सहा पटींहून अधिक वेगळी असते. परदेशी प्रणालींत हा फरक आपोआप भरून काढणारी योजना प्रवर्धकात असे. आपल्याकडील स्वस्त प्रवर्धकांत ती सहसा नसे. मग लाइनमन दुपारी तक्रार आल्यावर पेचकसाने पातळी वाढवी आणि रात्री तीच पातळी अति होऊन चित्रावर सावल्या पडत. ग्राहकाला ही कारागिराची हयगय वाटे. वास्तविक एक माणूस आपल्या हाताने ते काम करीत होता, जे अन्यत्र यंत्राकडे सोपवले गेले होते.

वीज, भारनियमन आणि कायदा

केबलमधूनच प्रवर्धकांना वीज पुरवण्याची पद्धत खर्चिक असल्याने अनेक भारतीय शहरांत प्रारंभी प्रवर्धक जवळच्या ग्राहकाच्या घरातील विजेवर चालवले जात. त्याच्या मोबदल्यात त्या घराला केबलचे शुल्क माफ करण्याचा व्यवहारही प्रचलित होता. हा व्यवहार शेजारधर्मावर उभा होता. घरमालक गावी गेला आणि मुख्य बटण बंद झाले, तर पुढची सर्व घरे चित्राला मुकत. २००५ नंतरच्या तीव्र भारनियमनाच्या काळात या रचनेची मर्यादा उघड झाली. भारनियमन वीजवाहिनीनुसार होते, तर केबलचा मार्ग दोन-तीन वीजवाहिन्यांच्या क्षेत्रांतून जात असे. परिणामी आपल्या घरी वीज असूनही मधल्या प्रवर्धकाकडे ती नसल्याने पडदा कोरा राही. टोकाच्या घराला स्वतःच्या भारनियमनाबरोबर वाटेतील इतरांचेही भारनियमन सोसावे लागे.

कायद्याने या यंत्राची दखल घेतली, पण ती दूरून. २९ सप्टेंबर १९९४ चा अध्यादेश आणि १९९५ चा केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायदा यांनी केबलचालकाची मुख्य डाकघरात नोंदणी सक्तीची केली. कायद्याच्या नवव्या कलमात भारतीय मानकांशी सुसंगत उपकरणे वापरण्याची, तर दहाव्या कलमात अन्य दूरसंचार व्यवस्थांमध्ये व्यत्यय न आणण्याची अट आहे. २००० मधील दुरुस्तीने दूरदर्शनच्या वाहिन्या 'प्राइम बँड'मध्ये, म्हणजे वर उल्लेखिलेल्या मोक्याच्या जागांवर दाखवणे बंधनकारक केले. जुना संच बाळगणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची होती. या जागांच्या वाटपावरून झालेली ओढाताण प्रवर्धकाच्या मर्यादेतून जन्मली होती.

प्रवर्धकाचा अस्त

प्रकाशीय तंतूचा वापर वाढल्यावर लांब साखळ्या तुटल्या. नियंत्रण कक्षापासून वसाहतीपर्यंत संदेश प्रकाशरूपाने जाऊ लागला आणि त्यापुढे मोजकेच प्रवर्धक उरले. त्यानंतर डिजिटल प्रणालीच्या दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३ या मुदतीसह, देशातील ३८ शहरांत सोलापूरचा समावेश झाला. डिजिटल संदेशात मुंग्या नसतात. ठरावीक पातळीपर्यंत चित्र निर्दोष दिसते आणि त्याखाली ते चौकोन पडून थांबते. साखळीत आपले घर कितवे आहे, हे पडद्याकडे पाहून ओळखण्याची सोय त्याबरोबर संपली. जुने प्रवर्धक उतरवले गेले आणि ॲल्युमिनियमच्या भावाने भंगारात गेले.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, प्रवर्धकांची साखळी ही केबल दूरचित्रवाणीच्या प्रसाराची खरी मर्यादा होती. वाहिन्यांची संख्या, अंतर आणि चित्राचा दर्जा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येत नव्हत्या. दुसरा, सोलापूरच्या बहुभाषिकतेने ही मर्यादा लवकर गाठली, आणि तिचा भार हद्दवाढ भागातील टोकाच्या घरांवर अधिक पडण्याजोगी परिस्थिती होती. तिसरा, आयात तंत्रातील जे दुवे आपल्याकडे वगळले गेले, स्वयंचलित पातळी-नियंत्रण आणि केबलमधून वीजपुरवठा, त्यांची जागा लाइनमनच्या श्रमाने आणि शेजाऱ्याच्या सौजन्याने भरून काढली.

या इतिहासाची साधने वेगाने नाहीशी होत आहेत. डाकघरातील नोंदण्या, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येईपर्यंत जिल्हाधिकारी कार्यालयात होणाऱ्या करमणूक शुल्काच्या नोंदी आणि प्रत्यक्ष प्रवर्धक ही तीन साधने परस्परपूरक आहेत. प्रवर्धकाच्या झाकणावर छापलेली कमाल वारंवारता ही एक प्रकारे त्या गल्लीत किती भाषांना जागा होती याची नोंद आहे. महाविद्यालयातील इतिहास, भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स या विभागांनी एकत्र येऊन आपल्या परिसरातील निवृत्त लाइनमन व केबलचालक यांच्या मुलाखती नोंदवल्या आणि भंगारात जाऊ पाहणारे काही प्रवर्धक त्यांच्या जागेच्या टिपणासह जतन केले, तर तो विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्प ठरेल. गिरण्यांच्या बाबतीत आपण भोंगा बंद झाल्यानंतर कागद शोधू लागलो. या लहान पेट्यांच्या बाबतीत ते काम त्या माणसांच्या हयातीत होणे शक्य आहे.